न येणाऱ्या भरतीचा बांध

आज सकाळी खालच्या आगरात पाय वाजायला लागले.

ज्यांनी मिठागर पाहिलेलं नाही ते विचारतील, पाय कसे वाजतील? वाजतात हो. पावसाळाभर पाणी पिऊन आगराची जमीन लोण्यासारखी मऊ पडलेली असते. दिवाळी झाली की वाफे साफ करायचे, बांध लिंपायचे, आणि पौष लागला की ती ओली जमीन तुडवायला घ्यायची. बाया-पुरुष एका ओळीत उभे राहतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आणि टाचा आपटत पुढं सरकतात, मग मागं, मग पुन्हा पुढं. पहिल्यांदा नुसता चिखल पचपचतो. दिवस जातात तसा आवाज बदलतो, आणि एका सकाळी जमीन घट्ट बोलायला लागते, जाड फळीवर तळहात मारावा तशी. तो आवाज आला की म्हणायचं, आता हिच्यावर मीठ धरेल आणि मिठात माती येणार नाही.

माझे गुडघे आता तुडवण्याचे राहिले नाहीत. मी बांधावर बसते आणि ऐकते. नारायणाची बायको वरून हाक मारते, "आत्याबाई, उन्हात कशाला बसता?" नारायण माझा मुलगा. तिला म्हणते, येते गं, आणि बसूनच राहते. कारण हा आवाज कानावर पडला की मला ठाण्याची खाडी दिसेनाशी होते. तिच्या जागी एक उघडा, करडा, माणूस ना झाड असा किनारा दिसतो, आणि त्याच्यावर टाचा आपटणारी मी. पंचेचाळिशी उलटलेली बाई, हबसाणच्या मातीत.

तर ते सांगायचं आहे. अक्षरं मी नारायणाच्या पाटीवरून उचलली, तो ठाण्याला शाळेत जायचा तेव्हा. शिकवलं कुणी नाही, त्यामुळं लिहिते ते बोलल्यासारखंच होतं. मागचं पुढं होईल, तेवढं सांभाळून घ्या.

आमचं गाव कळव्याच्या पुढं, खाडीला लागून. पुढ्यात आगर, मागं भाताची खाचरं, आणि मधून आगगाडीचा रूळ गेलेला. आमचं मीठ मचव्यात भरून कल्याणच्या बंदराला जायचं आणि तिथून बैलांवर घाटावर. खारं आणि गोडं यांच्यामधला बांध, तोच आमचा जन्म. उधाण कुठवर येतं हे आमच्या पोराला चालायला लागल्यापासून कळतं. जिथवर काटेरी झुडूप उगवत नाही तिथवर समुद्राचं, झुडूप दिसलं की तिथून आपलं.

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन. लग्न झालेलं, पण सासर चार घरं सोडूनच, त्यामुळं माहेर तुटलेलं नव्हतं. हबसाणच्या राजानं काही गोरे लोक कैदेत टाकले म्हणून आपल्या सरकारनं त्याच्यावर स्वारी काढली होती. मुंबईच्या बंदरात आगबोटींची रांग लागलीय, हत्तीसुद्धा नेताहेत, असं लोक येऊन सांगायचे. आम्हांला हबसाण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मग ठाण्याच्या बाजारात एक मुकादम आला. त्याला लढणारी माणसं नको होती, चिखलात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दगड बसवणारी हवी होती. फौज उतरायला समुद्रात धक्का बांधायचा होता. असली माणसं आमच्या गावात नाहीत तर कुठं असणार? आदल्या साली वैशाखातच अवकाळी पाऊस पडून मिठाच्या राशी वाहून गेलेल्या. बाबा निघाला, आणि त्याच्याबरोबर गोमाकाका.

गोमाकाका नात्याचा नव्हे, बाबाचा जोडीदार. तुडवायच्या ओळीत बाबाच्या डाव्या खांद्यावर नेहमी त्याचाच हात. उंच, हसरा, आणि जमीन अजून बसली की नाही ते टाचेनं सांगणारा. त्याची बायको हिरूकाकी. मूलबाळ नव्हतं, पण दोघांचं असं गूळपीठ की बाया तिला टोमणे मारायच्या. निघायच्या दिवशी ती बाबाला म्हणाली, "नेतोस तसा आन. समुद्रात बुडवून नको येऊ."

बाबा म्हणाला, "आगं, मिठातली मानसं आमी. आमाला समुद्र काय बुडवतोय?"

गोमाकाका म्हणाला, "मी नसलो त हिला बरंच हाय. भाकऱ्या कमी थापाव्या लागतील."

तिनं हातातला फडका त्याच्या पाठीत मारला. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्या दोघांचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते.

पावसाळा लागल्यावर बाबा परत आला. एकटा. घरी न येता आधी तिच्या दारात जाऊन उभा राहिला, पागोळ्यांखाली, भिजत.

"हिरू, गोमा गेला. तापानं. उतरून आठ दिस बी झालं नव्हतं."

मग तिनं एवढंच विचारलं, "कुठं जालला त्याला?"

"जालायला लाकूड नव्हतं," बाबा म्हणाला. "तिथं झाडच नाय. चुलीची काटकी बी बोटीतनं यायची. मातीत ठेवला त्याला. पान्याच्या वर ठेवला, उधानाच्या वर. बांध घातला."

हिरूकाकीनं फक्त एक ऐकलं, की जाळला नाही. आमच्यात माणूस मातीत ठेवतात का? तिनं दार लावून घेतलं. त्यातून दोन-तीन महिन्यांनी पलीकडच्या गावचा एक जण परत आला आणि बाजारात बोलून गेला की गोमा मेलाबिला काही नाही, तिथल्या बंदरात एका व्यापाऱ्याकडं राहिलाय, डोक्याला टोपी घालतो, मी लांबून पाहिला. झालं. दोन माणसांच्या दोन गोष्टी. हिरूकाकीनं कुंकू पुसलं नाही. पुसावं तर नवरा जिवंत असेल, आणि ठेवावं तर लोक बोलणार. तिनं ठेवलं. एवढं मोठं, बंद्या रुपयाएवढं, लांबून दिसेल असं. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवेना, आणि विधवांत ती बसेना. जवळजवळ तीस वर्षं ती बाई अशी दोन्ही दारांच्या मधल्या ओट्यावर बसून राहिली.

आणि बाबा खोटारडा ठरला. गावानं त्याला हबशी नाव ठेवलं. त्यानं सांगितलेल्या गोष्टीच तशा. म्हणे हत्तीला पट्टे बांधून यारीनं वर उचलतात आणि बोटीच्या पोटात सोडतात. आणि म्हणे तिथं प्यायला थेंब नाही, म्हणून यंत्रात समुद्राचं पाणी उकळून गोडं करतात, ते सगळ्यांना मोजून देतात आणि मीठ समुद्रात फेकतात. या गोष्टीवर तर ओटेच्या ओटे हसायचे.

"पानी ठेवतात आन मीठ फेकतात? मंग आपन काय येडे हाव का, मीठ ठेवून पानी उडवनारे?"

बाबा भांडायचा नाही. एकदा सांगून झालं की गप्प. तरी पुढच्या वर्षी कुणी विचारलं तर तीच गोष्ट, तशीच, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मला वाटतं, खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वाढवून सांगतो. बाबानं कधी वाढवलं नाही.

एक गोष्ट मात्र तो दर वर्षी करायचा, आणि तिच्यामुळं मी त्याच्यापुढं आजही हात जोडते. हिरूकाकीच्या वाटणीचे चार वाफे होते. दिवाळी झाली की बाबा स्वतःच्या बांधाला हात लावायच्या आधी तिचे बांध लिंपायचा. ती त्याच्याशी बोलायची नाही. तोही बोलायचा नाही. ती एक पाण्याचा तांब्या बांधावर आणून ठेवायची, वर पानाचं झाकण, आणि तोंड फिरवून निघून जायची. तो पाणी प्यायचा, तांब्या पालथा घालायचा. एवढाच त्यांचा बोलण्याचा व्यवहार, आणि तो कधी चुकला नाही. खोटारड्या माणसाला कुणी पाणी ठेवतं का? पण विश्वास तरी कुठं होता? या बाईच्या मनात काय असेल, याचा मी आगर तुडवताना पुष्कळ विचार केलाय.

बाबा वारला त्याच्या आधी मला म्हणाला, "पान्याच्या वर ठेवला हाय त्याला. तिला सांग." मी सांगितलं. तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

मग हे कसं घडलं ते ऐका. नारायण शिकला आणि मुंबईला एका कच्छी व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून लागला. त्या पेढीचा माल तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदराहून यायचा, मोती, शिंपा, गोंद. एका साली दिवाळीनंतर नारायणाला तिकडच्या वखारीवर दोन-तीन महिने पाठवायचं ठरलं. त्यानं घरी येऊन मसावा हे नाव घेतलं आणि मी चुलीपाशी ताठ झाले. बाबाच्या गोष्टीतलं बंदर. तिथून बाबाचा धक्का एका दिवसाच्या वाटेवर, झुला नावाच्या जागी.

मी म्हटलं, "मी येते."

"आई, तू कुठं येणार?"

"तुझं पोट नाजूक. बायको बाळंतपणाला माहेरी. तिथं तुला भात कोण शिजवून घालणार, हबसाणचा राजा?"

आमचे घरधनी विडी ओढत ऐकत होते. ते म्हणाले, "जाऊ दे रे तिला. नाही नेलंस तर पोहत येईल." आणि मला म्हणाले, "बापाचं घेऊन बसलीस ना तीस वर्षं? जा, एकदा बघून ये."

निघायच्या आधी मी हिरूकाकीकडं गेले. ती साठीला आलेली, डोळे अधू, कुंकू मात्र तेवढंच मोठं. मी म्हटलं, काकी, तिकडं चालले.

"जातेस त बघून ये," ती म्हणाली. "पन मना खोटं नको सांगू. तुज्या बापासाठी बी नको, माज्यासाठी बी नको. दिसला त दिसला सांग. नाय त नाय. मना मरताना ठावं पायजे मी कोन हाव ते."

हे ओझं घेऊन मी बोटीत चढले.

समुद्राचं काय सांगू. पहिले दिवस मी पडून होते, नारायणच मला पेज पाजत होता, म्हणजे कोण कुणाची सोय बघायला निघालं होतं ते बघा. मग एका सकाळी पोट शांत झालं आणि मी कठड्याशी उभी राहिले. चहूकडं पाणी, आणि एकही बांध नाही. बाबा याच वाटेनं गेला, पण माझ्यासारखा सतरंजी पसरून नव्हे. खेचरांच्या दावणीच्या बाजूला, त्यांच्या मुताच्या वासात, खाली तापलेला पत्रा. परत येऊन त्यानं त्याबद्दल अक्षर काढलं नाही. म्हणायचा एवढंच, "खेचरं घाबरायची, मंग गोमा त्यांच्याशी बोलत बसायचा." एडनचे काळे डोंगर दिसले तेव्हा मी नारायणाला म्हटलं, तुझ्या आज्यानं हे पाहिलं. नारायण म्हणाला, "आई, हे तू आज चार वेळा बोललीस." मी म्हटलं, पाचव्यांदाही बोलणार.

मसावा तेव्हा इटलीवाल्यांच्या ताब्यात गेलेलं. पांढरी घरं, उन्हानं डोळे फुटतील अशी, आणि गल्लीत गुजराती बोलणं कानावर पडलं की हसू येई. दुसऱ्या दिवशी नारायणाबरोबर बंदरावर गेले तर एका पडवीत मोठा बंब धडधडत होता. नळातून पाणी डब्यात पडत होतं आणि माणसं डबे भरून नेत होती. मी नारायणाला विचारायला लावलं, हे कसलं पाणी? समुद्राचं, म्हणाले, उकळून गोडं केलेलं. मी ओंजळ पुढं केली. कोमट, चव ना ढव. तरी ते प्याले, देवाचं तीर्थ घ्यावं तसं. मग विचारलं, आणि मीठ? त्या माणसानं समुद्राकडं जाणाऱ्या गटाराकडं बोट केलं.

मी तिथंच रस्त्यात हसत सुटले, पदर तोंडाला लावून. नारायण कानकोंडा झाला. पण मला गावातले सगळे ओटे दिसत होते, आणि त्यांच्यासमोरून खाली मान घालून जाणारा बाबा. एक गोष्ट खरी निघाली होती. आता दुसरी.

पेढीच्या ओळखीचा एक नाखवा होता, सालेह नावाचा, पांढऱ्या दाढीचा. मुंबईला येऊन-जाऊन त्याला हिंदुस्थानी येत होतं. त्याच्या होडीनं आम्ही झुलाला गेलो. किनारा इतका उथळ की होडी लांबच थांबली आणि आम्ही गुडघाभर पाण्यातून चालत गेलो. बाबाची माणसं याच पाण्यात उभी राहिली असणार. आणि समोर धक्का. म्हणजे त्याचं जे उरलं ते. समुद्रात शिरलेली दगडांची लांब रांग, कुठं खचलेली, कुठं शिंपल्यांनी मढलेली. मी वाकून हात फिरवला. दोन मोठ्या दगडांच्या फटीत लहान दगडांच्या पाचरी मारलेल्या, आमच्या बांधाच्या पायाला मारतात तशा. यातला बाबाचा दगड कुठला? सगळेच, असं मी ठरवलं. तीस वर्षं समुद्रानं धडका मारल्या, आणि अजून रांग दिसते आहे. माझ्या बापानं हे बांधलं, असं मी मोठ्यानं बोलले. ऐकायला दोन बगळे होते.

पण मी धक्क्यासाठी गेले नव्हते. किनाऱ्याच्या जवळ थडगी होती, फौजेतल्या लोकांची, दगड रचलेली. आम्ही सगळी पाहिली. नारायणानं उन्हात चकरा मारल्या, माझ्यासाठीच. बांध कुठंही नव्हता. सालेह म्हणाला, "माई, वाळू सगळं खाते. इतक्या वर्षांनी काय सापडणार?"

मी धक्क्याच्या मुळाशी सावली धरून बसले. मनात हिरूकाकीचं बोलणं. नाय त नाय सांग. आता काय सांगायचं? पाण्याकडं बघत बसले, आणि सवयीनं भरतीची वाट बघायला लागले. बाबा म्हणाला होता, पाण्याच्या वर ठेवला. तर आधी पाणी कुठवर येतं ते बघू, मग त्याच्या वर शोधू. दुपार झाली. पाणी थोडं पुढं आलं आणि घुटमळत राहिलं.

मी सालेहला विचारलं, "भरती कधी येते इथं?"

"कसली भरती, माई?"

"उधाण. मोठं पाणी."

त्यानं पायापाशी दाखवलं. "हेच मोठं पाणी. याच्या वर नाही येत. माझ्या बापाच्या वेळेपासून नाही आलं."

मला क्षणभर समजलं नाही. आमच्या खाडीत उधाणाला पाणी दोन पुरुष चढतं, शेतं गिळतं, आणि इथं समुद्र असा घागरीतल्यासारखा. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि मी उठलेच.

बाबाला हे ठाऊक नव्हतं. कसं असणार? गोमाकाका गेला तेव्हा त्यांना उतरून आठ दिवस झाले नव्हते. त्या आठ दिवसांत पाणी थोडंच पुढं-मागं होतंय, हे त्याला दिसलं असेलच. पण आमचा माणूस रोजच्या भरतीवर बांध घालत नाही. तो वर्षाच्या मोठ्या उधाणावर घालतो. आणि ते कुठवर येणार, हे परक्या मुलुखात त्यानं कशावरून ठरवलं असेल? झुडपांवरून. लहानपणापासून डोळ्यांत बसलेल्या त्या एका खुणेवरून.

मी समुद्राकडं पाठ केली. किनारा मागं सपाट पसरलेला, करडा, मिठाचे पापुद्रे धरलेला. झुडपं होती, पण कुठं, पार आत, डोंगराकडं, बाजरीच्या दाण्याएवढी दिसत होती.

"नारायणा, तिकडं."

"आई, ते समुद्रापासून किती लांब आहे बघ. तिथं कोण पुरेल?"

"तुझा आजा पुरेल."

चालत राहिलो. सालेहही आला, कुतूहलानं. वहाणा तापल्या, तोंडाला कोरड पडली. पहिल्या काटेरी झुडपांशी पोचलो तेव्हा समुद्र म्हणजे मागं एक चकाकती रेघ राहिली होती. आणि तिथं, झुडपांच्या जरा पलीकडं, मला तो दिसला.

बांध. माझ्या गुडघ्याएवढा उंच, चौकोनी, एका माणसाच्या निजण्याएवढा. समुद्राकडची बाजू रुंद आणि उतरती, लाटेचा मार घ्यायला, आतली बाजू उभी. कोपरे वळवून घेतलेले. पाऊस तिथं नावाला पडतो, म्हणून तो उन्हात भाजून विटेसारखा झाला होता, इथं तिथं ढासळलेला. हे कुणाही मेंढपाळाचं असू शकतं, असं नारायण म्हणाला. मी वाकून समुद्राकडचा कोपरा पाहिला. तिथं बांधाला हातभर फट होती, आणि फटीत तीन सपाट दगड एकावर एक बसवलेले, काढता-घालता येतील असे.

उघाडी.

पाणी आत घ्यायचं की बाहेर सोडायचं, त्यासाठी आगराच्या बांधाला ठेवतात ते दार. जगात कोण माणूस थडग्याला उघाडी ठेवतो, मला सांगा. चुकून उधाण आत शिरलंच, तर पाणी कोंडून राहू नये, गोमा पाण्यात पडून राहू नये, म्हणून ती वाट. मी तिथं खालीच बसले. नारायणानं डोक्यावरची टोपी काढली. त्याला मी काही सांगितलं नाही, त्यालाही ते दार ओळखता आलं. आगराचाच मुलगा तो.

मग मला त्या बांधाची माती दिसायला लागली. माती भिजवल्याशिवाय बांध होत नाही. गोडं पाणी मोजून मिळायचं, ते कुणी मातीत घालणार नाही. म्हणजे समुद्राचं पाणी इथवर वाहून आणलेलं. आम्हांला नुसतं चालताना जीव नकोसा झाला त्या वाटेनं, दिवसभर दगड उचलून झाल्यावर, डबे भरभरून. जोडीला आणखी दोघं-चौघं असतील. पण ही जागा इतकी लांब कुणी धरली असेल, याबद्दल मला शंका नाही. बाकीचे म्हणाले असतील, अरे इथंच ठेवू, जवळ. आणि बाबा म्हणाला असेल, नाय, पान्याच्या वर.

जे पाणी कधी येणारच नव्हतं त्याच्यापासून त्यानं आपला जोडीदार वाचवला. चूक म्हणा. मला तरी त्याच्यासारखा बांध दुसरीकडं कुठं दिसलेला नाही.

बांध दर वर्षी लिंपायचा असतो. हा तीस वर्षं तसाच होता. मी नारायणाला आणि सालेहला होडीतले डबे भरून आणायला समुद्रावर पिटाळलं. सालेह म्हणाला, "माई, पाणी येत नाही इथं, तर बांध कशाला?" मी म्हटलं, आमच्यात असतं. त्याला ते उत्तर पुरलं. पाणी आलं, मी माती भिजवली, ढासळलेलं भरलं, दगड काढून पुसून पुन्हा बसवले. मग आतली जमीन नव्हे, त्याच्या अंगावर कोण पाय देणार, भोवतालची जमीन तुडवायला घेतली. एकटीच, पदर खोचून. शेरडं घेऊन निघालेल्या तिथल्या दोन बाया थांबल्या. तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मग त्यांतल्या एकीनं सालेहला काही विचारलं, त्यानं थडग्याकडं बोट केलं, आणि तिचं हसू गेलं. दोघी जवळ आल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकले, त्यांनी माझ्या. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण टाच कशी मारायची ते दोनदा दाखवल्यावर कळलं. दिवस मावळेपर्यंत तुडवलं. आवाज पुरता बसला नाही, त्याला दिवस लागतात. पण बदलला.

माघात आम्ही गावी पोचलो. बोटीवरून घरी आणि घरून थेट आगरात. ओळ तुडवत होती, हिरूकाकी बांधावर बसली होती, आज मी बसते तिथंच. मला बघून ती उठली नाही. मी तिच्या शेजारी टेकले.

"काकी, पाहिलं मी."

ती समोर बघत म्हणाली, "पान्यापासून किती लांब?"

"खूप. झुडपांपाशी."

"बांध हाय?"

"आहे. गुडघ्याएवढा."

ती माझ्याकडं वळली. "उघाडी ठेवलीय?"

हे मी तिला सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"ठेवलीय, काकी. समुद्राच्या अंगाला. तीन दगडांची."

तिनं डोळे मिटले. मग तिनं विचारलं, एवढी वर्षं त्या बांधाला कुणी हात लावला नसेल ना? मी म्हटलं, लिंपला मी, भोवती तुडवलंही.

"येकलीनं?"

"नाही. तिथल्या दोघी होत्या जोडीला."

"मंग झालं," ती म्हणाली. "येकलीनं जमीन बसत नाय."

ती रडली नाही. तुडवणाऱ्यांकडं बघत एकदम म्हणाली, "तुज्या बापाला पानी द्यायची मी. बोलाया पायजे व्हतं."

मी म्हटलं, "तो तांब्या पालथा घालायचा ना? तेवढं त्याला पुरे होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कालव्यावर जाऊन स्वतःच्या हातानं कपाळ धुतलं. कुणाला बोलावलं नाही, कुणाला रडू दिलं नाही. वर आली तेव्हा कपाळावर जिथं कुंकू असायचं तिथली कातडी फिकी, नव्या पोरीसारखी दिसत होती. गावातल्या बाया पदर सावरून उभ्या राहिल्या. ज्या ओट्यांनी बाबाला हसून घेतलं होतं त्यांच्यावरची माणसं आपापल्या विड्यांकडं बघत होती. आणि हिरूकाकी, साठीची बाई, पदर खोचून वाफ्यात उतरली, ओळीच्या टोकाला उभी राहिली, आणि शेजारणीच्या खांद्यावर हात टाकून तुडवायला लागली.

त्या फाल्गुनात तिच्या वाफ्यावर पहिलं मीठ धरलं. पहिल्या मिठाची मूठ बांधावरच्या दगडाला वाहायची आमची रीत आहे. हिरूकाकीनं त्या साली दोन मुठी घेतल्या आणि मला घेऊन बाहेरच्या बांधावर गेली, पार खाडीच्या तोंडाशी. खालच्या चिखलावर तिनं दोन्ही मुठी शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही त्याची," ती म्हणाली. "आन ही तुज्या बापाची."

आम्ही दोघी बांधावर पाय सोडून बसलो. पुनवेचा दिवस होता. संध्याकाळी उधाण आलं. आमच्याकडं येतंच ते. पाणी चिखल चढत चढत वर आलं आणि दोन्ही मुठी घेऊन गेलं.